क्वेरी चालते, एरर नाही, तरी यादी रिकामी: दोष कुठून शोधायला घ्यायचा

स्क्रिप्ट चालते, एरर येत नाही, शेवटी 'काम पूर्ण' असंही छापून येतं आणि यादीत एकही नाव नसतं. अशा वेळी बहुतेक जण क्वेरीतल्या (डेटाबेसला विचारलेल्या प्रश्नातल्या) अटी अंदाजाने बदलत बसतात. तसं करू नका. डेटाबेसच्या लेखी शून्य ओळी हा दोष नाही, ते उत्तर आहे. त्याला जे विचारलं गेलं त्याचं उत्तर त्याने बरोबरच दिलेलं असतं. शोधायच्या गोष्टी चार: उत्तर खरंच रिकामं आलं की स्क्रिप्टने वाटेत सांडलं, कोणत्या डेटाबेसला विचारलं, नक्की काय विचारलं, आणि आत साठवलेलं तुम्हाला वाटतं तसंच आहे का. क्रम हाच ठेवा. पहिल्या तीन तपासण्यांना मिळून पंधरा मिनिटं लागतात, चौथीला कधी अख्खी दुपार जाते.

उदाहरणासाठी इंदूरच्या एखाद्या मराठी मंडळाची सभासद-यादी धरू. 'सभासद' टेबलात क्रमांक, नाव, वस्ती, पिनकोड, दूरध्वनी आणि स्थिती. 'वर्गणी' टेबलात सभासद_क्रमांक, वर्ष, रक्कम आणि भरल्याची वेळ. नोंदी भरणारे तीन-चार जण: कोणी मराठी टाइप करणारं, कोणी हिंदी, आणि काही माल जुन्या एक्सेलमधून ओतलेला. इंदूर, ग्वाल्हेर, बडोदा इथल्या मराठी संस्थांचा डेटा साधारण असाच मिश्र असतो आणि रिकाम्या निकालांची निम्मी कारणं त्या मिश्रणातच सापडतात.

खालच्या आज्ञा देवनागरीत लिहिल्या आहेत. आज्ञा टाइप करताना अर्थातच रोमन अक्षरं आणि इंग्रजी अंक (0 ते 9) वापरायचे. मायएसक्यूएल, पोस्टग्रेस आणि एसक्यूलाइट ही डेटाबेसची नावं, पायथन आणि पीएचपी या स्क्रिप्ट लिहायच्या भाषा.

निकाल खरंच रिकामा आहे का?

क्वेरीला हात लावण्याआधी स्क्रिप्टमधला निकाल उचलणारा भाग वाचा. पायथनमध्ये नेहमी दिसणारी चूक अशी (कर्सर म्हणजे निकालातल्या ओळी एकेक करून हातात देणारी वस्तू):

इफ कर्सर.फेचवन():
  फॉर ओळ इन कर्सर: प्रिंट(ओळ)

'काही आलं का' हे पाहण्यासाठी केलेल्या फेचवनने पहिली ओळ उचलून घेतली. ती परत मिळत नाही. दहा ओळी आल्या तर नऊ छापल्या जातात आणि कोणाच्या लक्षात येत नाही. एकच ओळ आली तर मात्र काहीच छापलं जात नाही. याचाच भाऊ म्हणजे फेचऑल दोनदा वापरणं: पहिल्यांदा मोजायला, दुसऱ्यांदा छापायला. दुसरी यादी रिकामीच येणार, कारण कर्सर एकदाच वाचून संपतो. निकाल एकदाच एका व्हेरिएबलमध्ये घ्या आणि पुढे तेच वापरा.

ओळींची संख्या विचारणाऱ्या सोयींवर विसंबू नका. पायथनच्या एसक्यूलाइट मोड्यूलमध्ये सिलेक्टनंतर रोकाउंट उणे एक देतो. पीएचपीतून डेटाबेसशी बोलायच्या दोन सोयी म्हणजे पीडीओ आणि मायएसक्यूएलआय. पीडीओचा रोकाउंट सिलेक्टसाठी प्रत्येक डेटाबेसवर बरोबर आकडा देईलच अशी हमी नाही. मायएसक्यूएलआयच्या प्रिपेअर्ड स्टेटमेंटमध्ये (मूल्यं नंतर भरायच्या क्वेरीत) स्टोअर_रिझल्ट न करता नम_रोज विचारलं तर शून्य मिळतं, मग ओळी कितीही असोत. 'शून्यापेक्षा जास्त असेल तरच पुढे जा' अशी अट अशा आकड्यावर टांगलेली असेल तर दोष तिथेच आहे.

दुसरं, गिळलेले एरर. पायथनमध्ये 'एक्सेप्ट: पास' शोधा. पीएचपीमध्ये ओळीच्या सुरुवातीला लावलेलं ॲट-चिन्ह शोधा. पीएचपी ८.० पासून पीडीओ आणि ८.१ पासून मायएसक्यूएलआय आपणहून एक्सेप्शन फेकतात. त्याआधीच्या आवृत्त्यांवर क्वेरी फसली की नुसतं फॉल्स मिळतं आणि पुढचा कोड त्यालाच रिकामी यादी समजतो. होस्टिंगवर जुनी पीएचपी असेल तर एररमोड हाताने एक्सेप्शनवर ठेवा आणि पुन्हा चालवा. अनेकदा गोष्ट इथेच मिटते: कॉलमचं नाव चुकलेलं असतं, इतकंच.

एकूण काढणाऱ्या क्वेरींचा न्याय वेगळा असतो. ग्रुप बाय नसलेली काउंट किंवा समची क्वेरी नेहमी एक ओळ देतेच. जुळणारं काही नसेल तर काउंट शून्य देतो आणि सम मात्र नल (मूल्यच नाही) देतो. ग्रुप बाय लावला की तीच क्वेरी एकही ओळ देत नाही. अहवालात 'एकूण वर्गणी' पुढे कोरी जागा दिसली तर ती ओळच नाही की ओळीतला नल आहे, हे आधी ठरवा.

कोणत्या डेटाबेसला विचारलं?

स्क्रिप्टच्या आतून, त्याच कनेक्शनवर, हे छापून घ्या. मायएसक्यूएलवर:

सिलेक्ट डेटाबेस(), करंट_यूजर(), @@होस्टनेम, @@पोर्ट

पोस्टग्रेसवर करंट_डेटाबेस(), करंट_यूजर आणि 'शो सर्च_पाथ'. मग हवं ते टेबल घेऊन नुसता काउंट(*). मंडळाचे बाराशे सभासद असताना इथे तीन आले तर तुम्ही चाचणीच्या डेटाबेसशी बोलताय. एकाच मशीनवर एक मायएसक्यूएल थेट आणि दुसरं डॉकरमध्ये (स्वतंत्र बंद डब्यात) चालू असेल तर आणखी घोळ होतो. लिनक्सवर मायएसक्यूएलचे बहुतेक क्लायंट 'लोकलहोस्ट' म्हटल्यावर सॉकेटने जातात आणि १२७.०.०.१ म्हटल्यावर टीसीपीने. दोन्ही पत्ते एकाच घरी जातील असं नाही.

एसक्यूलाइटचा सापळा निराळा. फाइल सापडली नाही तर तो तक्रार न करता त्या नावाची नवी रिकामी फाइल बनवतो. टर्मिनलमधून स्क्रिप्ट चालवताना तुम्ही प्रकल्पाच्या फोल्डरमध्ये असता, म्हणून 'सभासद.डीबी' बरोबर सापडते. रात्री क्रॉन (ठरल्या वेळी कामं चालवणारा प्रोग्राम) तीच स्क्रिप्ट होम फोल्डरमधून चालवतो आणि तिथे नवी फाइल तयार होते. एरवी 'असं टेबल नाही' असा एरर तरी आला असता. पण स्क्रिप्टच्या सुरुवातीला 'क्रिएट टेबल इफ नॉट एक्झिस्ट्स' असेल तर तोही येत नाही: टेबल बनतं, रिकामं असतं, क्वेरी शून्य ओळी देते. होम फोल्डरमध्ये काही किलोबाइटची जुळी फाइल दिसली की निदान पक्कं. उपाय: पूर्ण पाथ लिहा, आणि फक्त वाचायचं असेल तर फाइल यूआरआय पद्धतीने 'मोड=आरओ' लावून उघडा. मग फाइल नसेल तर लगेच एरर येईल.

फाइलची प्रत घेऊन काम करत असाल तर शेजारी '-वॉल' शेपटाची फाइल आहे का ते पाहा. वॉल पद्धतीत ताज्या नोंदी काही काळ त्या जोडफाइलमध्येच राहतात. फक्त मुख्य फाइल पेनड्राइव्हवर नेली तर आजच्या नोंदी मागेच राहिल्या. सगळे प्रोग्राम नीट बंद करून प्रत घ्या, किंवा एसक्यूलाइटची बॅकअप आज्ञा वापरा.

पोस्टग्रेसवर टेबलाला रो-लेव्हल सिक्युरिटी (कोणाला कोणत्या ओळी दिसाव्यात हे ठरवणारी सोय) चालू केली आणि पॉलिसी म्हणजे तिचा नियम एकही लिहिला नाही, तर टेबलाचा मालक आणि सुपरयूजर सोडून साध्या युजरना ते टेबल रिकामंच दिसतं. परवानगी नाकारल्याचा संदेशही येत नाही. 'माझ्याकडे दिसतं, स्क्रिप्टला दिसत नाही' या तक्रारीत पहिला संशय इथे घ्या. म्हणूनच हाताने तपासताना स्क्रिप्टच्याच युजरने लॉगिन करायचं, ॲडमिनने नाही.

नक्की काय विचारलं गेलं?

कोडमध्ये लिहिलेली क्वेरी आणि डेटाबेसपर्यंत पोहोचलेली क्वेरी एकच असेल असं धरून चालू नका. पोहोचलेली पाहा. पायथनच्या एसक्यूलाइटमध्ये कनेक्शनवर सेट_ट्रेस_कॉलबॅक(प्रिंट) लावला की प्रत्येक आज्ञा छापली जाते. मायएसक्यूएलवर जनरल_लॉग थोडा वेळ चालू करा, एकदा स्क्रिप्ट चालवा आणि लगेच बंद करा. चालू विसरलात तर डिस्क भरेल. पोस्टग्रेसवर लॉग_स्टेटमेंट 'ऑल' ठेवा. शिवाय स्क्रिप्टमध्येच प्रत्येक पॅरामीटर (क्वेरीत भरलं जाणारं मूल्य) छापा, तोही पायथनच्या रिपर() मधून. साध्या प्रिंटमध्ये शेवटची मोकळी जागा आणि नवओळीचं चिन्ह दिसत नाही, रिपरमध्ये दिसतं.

पॅरामीटरच्या चुका साधारण याच:

प्लेसहोल्डरभोवती (मूल्याची जागा राखणाऱ्या प्रश्नचिन्हाभोवती) अवतरणचिन्हं. 'व्हेअर वस्ती = '?'' लिहिलं की डेटाबेस 'टिळक नगर' शोधत नाही, प्रश्नचिन्ह नावाची वस्ती शोधतो. काही ड्रायव्हर पॅरामीटरची संख्या जुळत नाही म्हणून ओरडतात. मूल्य स्वतःच मजकुरात भरणारे ड्रायव्हर कधी दुहेरी अवतरणं असलेलं मूल्य तयार करून गप्प राहतात. प्लेसहोल्डर नेहमी उघडा लिहा.

लाइकचं टक्केचिन्ह मूल्यात जातं, क्वेरीत नाही. 'व्हेअर नाव लाइक ?' आणि मूल्य 'कुलकर्णी%'. टक्केचिन्ह विसरलात तर लाइक म्हणजे नुसतं बरोबरचं चिन्ह.

क्रम. तीन प्रश्नचिन्हांना तीन मूल्यं देताना वर्ष आणि वस्ती यांची अदलाबदल झाली तर काहीही जुळत नाही आणि एररही नाही. तीनपेक्षा जास्त मूल्यं असतील तर नाव असलेले प्लेसहोल्डर वापरा.

पानांची क्वेरी असेल तर ऑफसेटचा (सुरुवातीच्या किती ओळी सोडायच्या त्याचा) हिशेब पाहा. पान १ पासून मोजायचं आणि ऑफसेट 'पान गुणिले २०' ठेवायचा, म्हणजे पहिल्या वीस ओळी कायमच्या गेल्या. सभासद अठराच असतील तर पहिलंच पान कोरं. बिट्वीनमध्ये मोठा आकडा आधी आणि लहान नंतर आला तरी तेच: 'बिट्वीन ५०० अँड १००' कधीच काही देत नाही.

एसक्यूलाइटची एक खोड तर ठाऊक नसेल तर तासन् तास खाते. दुहेरी अवतरणात कॉलमचं नाव लिहिलं आणि तसा कॉलम नसला, तर तो एरर न देता त्या शब्दालाच मजकूर समजतो. 'व्हेअर "वसती" = 'रामबाग'' यात 'वसती' हा चुकीचा कॉलम आहे. पण तुलना होते ती 'वसती' या शब्दाची 'रामबाग' या शब्दाशी, आणि ती प्रत्येक ओळीसाठी खोटी. मजकुराला एकेरी अवतरण आणि कॉलमच्या नावाला शक्यतो काहीच नाही, हा नियम पाळला की हा दोष लपून राहूच शकत नाही.

कोणती अट ओळी गाळते?

आता छापून आलेली क्वेरी डेटाबेसच्या क्लायंटमध्ये त्याच युजरने चालवा. तिथे ओळी आल्या तर पहिल्या भागाकडे परत जा, दोष स्क्रिप्टमध्ये आहे. तिथेही शून्य आलं तर अटी सोलायच्या. एकेक अट काढून पाहण्यापेक्षा सगळ्या एकाच क्वेरीत मोजणं जलद:

सिलेक्ट काउंट(*),
 सम(वस्ती = 'टिळक नगर'),
 सम(पिनकोड = '४५२००१'),
 सम(स्थिती <> 'रद्द')
फ्रॉम सभासद

हे मायएसक्यूएल आणि एसक्यूलाइटवर चालतं. पोस्टग्रेसवर 'काउंट(*) फिल्टर (व्हेअर …)' असं लिहा. निकाल समजा १२४०, ०, ३१०, ९८० असा आला. वस्तीची अट दोषी, बाकीच्यांकडे पाहायचंच नाही. प्रत्येक आकडा शून्याहून मोठा आणि तरीही एकत्र शून्य, असं झालं तर अटी परस्परांना छेदत नाहीत: त्या पिनकोडमध्ये ती वस्तीच नसेल, किंवा अँड आणि ऑर कंसाशिवाय मिसळले असतील. अँड आधी बांधला जातो, त्यामुळे ऑर असेल तिथे कंस घालाच. आकड्याच्या जागी नल आला तर तो कॉलम सगळाच नल आहे किंवा टेबलच रिकामं आहे.

जॉइन (दोन टेबलांची जोडणी) असेल तर आधी जॉइन काढून मोजा, मग एकेक टेबल जोडत जा. संख्या ज्या पायरीला कोसळते ती पायरी धरायची.

अक्षरं सारखी दिसतात, असत नाहीत

वस्तीची अट शून्य देतेय आणि टेबलात तर 'टिळक नगर' डोळ्यांना दिसतंय. आता डोळे बाजूला ठेवा आणि मोजा. मायएसक्यूएलवर:

सिलेक्ट वस्ती, कॅर_लेंग्थ(वस्ती), लेंग्थ(वस्ती), हेक्स(वस्ती) फ्रॉम सभासद व्हेअर वस्ती लाइक '%नगर%'

पहिला आकडा अक्षरचिन्हांचा, दुसरा बाइटचा, आणि हेक्स म्हणजे तेच बाइट सांकेतिक आकड्यांत. एसक्यूलाइटवर लेंग्थ चिन्हं मोजतो आणि हेक्स आहेच. पोस्टग्रेसवर बाइटसाठी ऑक्टेट_लेंग्थ आणि हेक्ससाठी 'एन्कोड(कन्व्हर्ट_टू(वस्ती, 'यूटीएफ८'), 'हेक्स')'.

युटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइटचं, मात्रा आणि वेलांट्या वेगळ्या मोजायच्या. 'टिळक नगर' म्हणजे सात देवनागरी चिन्हं आणि एक जागा: ८ चिन्हं, २२ बाइट. यावरून बरंच कळतं.

९ चिन्हं आणि २३ बाइट: शेवटी किंवा सुरुवातीला एक जादा जागा, टॅब, किंवा विंडोजच्या सीएसव्हीमधून आलेलं सीआर (ओळ संपल्याचं) चिन्ह. हेक्सच्या टोकाला २० असेल तर जागा, ०९ असेल तर टॅब, ०डी असेल तर सीआर. ट्रिम() फक्त साधी जागा काढतो, बाकीच्यांसाठी रिप्लेस() लागतो.

८ चिन्हं पण २३ बाइट: मधली जागा साधी नाही, न-तुटणारी आहे. हेक्समध्ये सी२ ए० दिसेल. वर्डमधून किंवा वेबपानावरून चिकटवलेल्या मजकुरात ही हमखास येते.

९ चिन्हं आणि २५ बाइट: आत एखादं अदृश्य जोडचिन्ह आहे, ई२ ८० ८डी किंवा ई२ ८० ८सी.

८ चिन्हं आणि २२ बाइट, तरी जुळत नाही: नोंद 'तिलक नगर' अशी असेल. इंदूरमध्ये ही जोडी सर्रास भेटते, पाट्यांवर हिंदी रूप, बोलण्यात मराठी. लांबी अगदी समान, म्हणून हेक्सच पाहावा लागतो: ळ म्हणजे ई० ए४ बी३ आणि ल म्हणजे ई० ए४ बी२. इंदूर आणि इंदौर, कुळकर्णी आणि कुलकर्णी, बऱ्हाणपूर आणि बुरहानपुर यांचंही तेच. यावर तांत्रिक जादू नाही. वस्त्यांचं वेगळं टेबल करायचं, प्रत्येक वस्तीला क्रमांक द्यायचा, पर्यायी रूपं त्या क्रमांकाखाली नोंदवायची आणि शोध क्रमांकावरच घ्यायचा.

शेवटी मोकळी जागा असूनही पूर्वी क्वेरी चालत होती आणि सर्व्हर बदलल्यावर बंद पडली, याला कारण कोलेशन (मजकुराच्या तुलनेचे नियम) असू शकतं. मायएसक्यूएलची जुनी कोलेशनं, उदाहरणार्थ यूटीएफ८एमबी४_जनरल_सीआय, तुलनेत टोकाच्या जागा दुर्लक्षित करतात. ८.० मध्ये आपोआप मिळणारं यूटीएफ८एमबी४_०९००_एआय_सीआय त्या मोजतं. एसक्यूलाइट आणि पोस्टग्रेसचा टेक्स्ट प्रकारही मोजतात.

पापणीसारखा दिसणारा र, म्हणजे 'ऱ्य' आणि 'ऱ्ह' मधला, हा खास मराठीचा त्रास. कऱ्हाडे किंवा बऱ्हाणपूर लिहिताना काही कीबोर्ड नुक्तावाला ऱ आणि हलंत वापरतात, काही साधा र, हलंत आणि शून्यरुंदीचं जोडचिन्ह वापरतात. पडद्यावर बऱ्हाणपूर आणि बर्‍हाणपूर एकसारखेच, आत वेगळे बाइट. युनिकोड नॉर्मलायझेशन (एकाच अक्षराची वेगवेगळी रूपं एकसारखी करणं) यातला अर्धाच प्रश्न सोडवतं: पायथनचं युनिकोडडेटा.नॉर्मलाइज 'एनएफसी' हे 'र अधिक नुक्ता' आणि अखंड 'ऱ' यांना एक करतं, जोडचिन्हाच्या रूपाला मात्र हात लावत नाही. ते तुम्हालाच बदलावं लागतं: र, हलंत, जोडचिन्ह या तिघांच्या जागी ऱ आणि हलंत. 'ॲ' आणि 'अ अधिक ॅ' यांचंही तसंच, दिसायला एक आणि युनिकोडच्या दृष्टीने दोन. काही कोलेशनं जोडचिन्ह तुलनेत गाळतात, काही गाळत नाहीत, म्हणून एका मशीनवर मिळालेलं नाव दुसऱ्यावर गायब होतं.

हिंदी नोंदींतल्या ड़ आणि ढ़ यांच्या बाबतीत एनएफसी उलट वागतं, अखंड अक्षर फोडून ड आणि नुक्ता करतं. त्यामुळे नॉर्मलायझेशन एकाच बाजूला केलंत तर जुळणारी नावंही जुळेनाशी होतील. साठवताना आणि शोधताना, दोन्हीकडे एकच फंक्शन चालवा.

अंकांचा घोटाळा सोपा पण वारंवार होणारा. एकाने पिनकोड ४५२००१ असा देवनागरीत भरला, दुसऱ्याने 452001 असा रोमनमध्ये. टेक्स्ट कॉलममध्ये ही दोन वेगळी मूल्यं आहेत. आकडे साठवताना रोमनच, दाखवताना हवे तर देवनागरी. इंदूरचा एसटीडी कोड ०७३१, आणि एक्सेल तो उघडताच पुढचं शून्य खातं. मग टेबलात ७३१ ने सुरू होणारे आणि ०७३१ ने सुरू होणारे असे दोन जातींचे क्रमांक होतात. टेक्स्ट कॉलमची तुलना पूर्णांकाशी केली तर मायएसक्यूएल मजकुराचा आकडा करून जुळवून घेतो, एसक्यूलाइट उलट आकड्याचा मजकूर करतो आणि शून्यामुळे जुळत नाही, पोस्टग्रेस सरळ नाकारतो. त्यातल्या त्यात पोस्टग्रेसचं वागणं बरं म्हणायचं. दूरध्वनी आणि पिनकोड नेहमी मजकूर म्हणून साठवा आणि मजकूर म्हणूनच पाठवा.

जुन्या मालात आणखी एक वळण. मध्य प्रदेशातल्या कचेऱ्यांत वर्षानुवर्षं कृतिदेव फॉन्ट चालला. त्या फाइलींमधली अक्षरं फॉन्टमुळे देवनागरी दिसतात, साठवलेली असतात रोमन अक्षरं आणि चिन्हं. अशी एक्सेल थेट डेटाबेसात ओतली की युनिकोडमध्ये केलेला कोणताही शोध रिकामाच येणार. हेक्समध्ये ई० ए४ किंवा ई० ए५ ऐवजी ४० ते ७० च्या आसपासचे सुटे बाइट दिसले की ओळखा. ओतण्याआधी कन्व्हर्टरने युनिकोड करून घ्या आणि जोडाक्षरं नजरेखालून घाला, तिथे कन्व्हर्टर चुकतात.

मायएसक्यूएलवर कनेक्शनचा कॅरेक्टर सेटही तपासा. जुनी स्क्रिप्ट लॅटिन१ कनेक्शनवरून लिहीत आणि वाचत होती, म्हणून तिला सगळं ठीक दिसायचं. नवी स्क्रिप्ट यूटीएफ८एमबी४ वरून विचारते आणि काही मिळत नाही, कारण आतला मजकूर दोनदा एन्कोड झालेला आहे. 'रामबाग' ची कॅर_लेंग्थ ६ हवी, ती १८ आली तर हेच. असा माल बॅकअप घेऊन, एका प्रतीवर दुरुस्त करून पाहिल्याशिवाय खऱ्या टेबलाला हात लावू नका. आणि आत नुसती प्रश्नचिन्हं साठलेली असतील तर मूळ मजकूर गेला, पुन्हा भरण्याशिवाय उपाय नाही.

नल आणि जॉइन

'स्थिती = नल' कधीच खरं होत नाही, 'इज नल' लिहावं लागतं, हे बहुतेकांना ठाऊक असतं. 'स्थिती <> 'रद्द'' ही अट स्थिती कोरी असलेल्या सगळ्यांना वगळते, हे मात्र विसरलं जातं. नव्या नोंदींत स्थिती भरलीच नसेल तर सगळे नवे सभासद गायब. आणि सर्वांत घातक:

व्हेअर क्रमांक नॉट इन (सिलेक्ट सभासद_क्रमांक फ्रॉम वर्गणी)

वर्गणीच्या टेबलात सभासद_क्रमांक एका जरी ओळीत नल असेल तर ही क्वेरी शून्य ओळी देते. काल चालत होती, आज एक अर्धवट पावती भरली गेली आणि बंद पडली, असं चित्र दिसतं. नॉट एक्झिस्ट्स वापरा, त्याला नलचा त्रास नाही.

थकबाकीदारांची यादी काढताना साध्या जॉइनने हमखास घात होतो. ज्यांनी वर्गणी भरली नाही त्यांची वर्गणीत ओळच नाही, त्यामुळे साधा जॉइन नेमक्या त्यांनाच गाळतो. लेफ्ट जॉइन घ्या, पण वर्षाची अट ऑनमध्ये ठेवा:

लेफ्ट जॉइन वर्गणी व ऑन व.सभासद_क्रमांक = स.क्रमांक अँड व.वर्ष = २०२५
व्हेअर व.सभासद_क्रमांक इज नल

'व.वर्ष = २०२५' व्हेअरमध्ये टाकलंत तर नलवाल्या ओळी तिथेच गळतात आणि यादी पुन्हा कोरी.

तारखा

तारीख-वेळेच्या कॉलमला नुसती तारीख लावली, तर मायएसक्यूएल आणि पोस्टग्रेस ती मध्यरात्र धरतात. ३१ मार्चला दिवसभर पावत्या फाडल्या तरी '= २०२५-०३-३१' ला काही मिळत नाही. आर्थिक वर्षासाठी बिट्वीन लावलं तर शेवटचा दिवस जवळजवळ सगळा सुटतो, आणि गर्दीचा दिवस तोच. अशी अट लिहा: वेळ >= '२०२४-०४-०१' अँड वेळ < '२०२५-०४-०१'.

एसक्यूलाइटमध्ये तारखेचा वेगळा प्रकारच नाही. तारखा मजकूर म्हणून असतील तर तुलना अक्षरशः होते. '१५/०८/२०२४' अशा साच्यातल्या नोंदी 'वर्ष-महिना-दिवस' साच्यातल्या अटीशी कधी जुळणार नाहीत. आधी साचा एक करा.

सर्व्हर यूटीसीवर (जागतिक प्रमाणवेळेवर) आणि स्क्रिप्ट भारतीय वेळेवर असेल तर साडेपाच तासांचा फरक पडतो. रात्री एक वाजता चालणारी स्क्रिप्ट 'आजच्या' नोंदी मागते, तेव्हा यूटीसीत आदल्या दिवसाचे साडेसात वाजलेले असतात. आजची तारीख तिथे उगवलेलीच नाही. एसक्यूलाइटचा डेट('नाऊ') देखील यूटीसीच देतो, 'लोकलटाइम' जोडावा लागतो. वेळेची सीमा स्क्रिप्टमध्ये काढा, यूटीसीत बदला आणि पॅरामीटर म्हणून द्या.

दुसऱ्या कनेक्शनने लिहिलेलं दिसत नाही

एका स्क्रिप्टने नोंदी घातल्या, दुसरीला दिसत नाहीत: पहिलीत कमिट (बदल कायम करणारी आज्ञा) आहे का पाहा. पायमायएसक्यूएल आणि मायएसक्यूएल कनेक्टर, दोन्हींत ऑटोकमिट मुळात बंद असतो. नोंद घालणाऱ्या स्क्रिप्टला स्वतःच्या ओळी दिसतात, म्हणून शंका येत नाही, आणि ती संपताच सगळं मागे घेतलं जातं.

उलट बाजूही तपासा. दर मिनिटाला नवी नोंद आली का पाहणारी, सतत चालणारी स्क्रिप्ट मायएसक्यूएलच्या रिपीटेबल रीड पातळीवर पहिल्या सिलेक्टच्या वेळचं चित्रच धरून बसते. नव्या ओळी येतात, तिला दिसत नाहीत. ती बंद करून पुन्हा सुरू केली की दिसतात, आणि लोक 'रीस्टार्ट केलं की चालतं' म्हणून सोडून देतात. प्रत्येक फेरीच्या सुरुवातीला कमिट करा किंवा वाचणाऱ्या कनेक्शनला ऑटोकमिट लावा.

दुरुस्तीनंतर स्क्रिप्टमध्ये काय ठेवायचं

शोध घेताना लावलेले सगळे प्रिंट काढून टाकू नका, तीन गोष्टी लॉगमध्ये राहू द्या: डेटाबेसचं नाव किंवा फाइलचा पूर्ण पाथ, पॅरामीटर, आणि मिळालेल्या ओळींची संख्या. जिथे शून्य येणं शक्यच नाही, उदाहरणार्थ सगळ्या सभासदांची यादी, तिथे शून्य आलं तर स्क्रिप्टने एरर देऊन थांबावं. थकबाकीदारांसारख्या यादीत शून्य शक्य आहे, तिथे थांबवू नका, पण निरोपात 'एकूण तपासले १२४०, थकबाकीदार ०' असे दोन्ही आकडे येऊ द्या. 'तपासले ०' असं दिसलं तर कार्यालयात बसलेल्या माणसालाही कळेल की यादी कोरी नाही, जोडणी चुकली आहे.